मारकुट्या मुलाला शाळेतून काढा, या अर्जावर सही करायची का?

अबोली
नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, लेक तिसरीत आहे. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलानं तिला कंपासपेटी फेकून मारली. भुवईवर टाके पडले, डोळा थोडक्यात वाचला. या मुलाचं नाव पहिलीपासून सगळ्या पालकांच्या तोंडी आहे. चावणं, ढकलणं, दुसऱ्याचा डबा सांडणं, पाण्याच्या नळापाशी मारामारी. आता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज फिरतोय, "सदर विद्यार्थ्यास शाळेतून कमी करावे" म्हणून. बऱ्याच जणांच्या सह्या झाल्यात. माझी सही सगळ्यांच्या वर हवी असा आग्रह आहे, कारण लागलंय माझ्या लेकीला.

मला राग आलाय आणि तो काही उगाच नाही. पण आठ वर्षांचं पोरगं इथून काढलं तर ते जाणार कुठं, आणि तिथं त्याचं काय होणार, हे डोक्यातून जात नाही. ग्रुपवर लिहितात, "रक्तातच आहे त्याच्या." एवढ्या लहान जिवात एवढा राग येतो कुठून? काही मुलं जन्मतःच तशी असतात का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा. बुधवारी पालकसभा आहे.

कसबा_बावडा
ताई, विचार कसला करताय? सही करा. डोळा गेला असता तर? माझ्या मुलाच्या वर्गात असंच एक पोरगं होतं. शाळा नुसती "समजावतो, समजावतो" म्हणत राहिली. शेवटी माझंच पोर रोज सकाळी पोट दुखतंय म्हणून रडायला लागलं. अशा वेळी सगळे मारणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते शोधत बसतात. मार खाणाऱ्याकडं कोण बघणार?

पेठेतला
सही-बिही र्‍हाऊ द्या. त्याच्या बापाला सांगा, पोराला तालमीत घाल. पहाटे उठवायचं, जोर-बैठका काढायला लावायच्या, हौद्यातली माती उकरायला लावायची. अंगातली रग जिरली की पोरगं सुतासारखं सरळ येतंय. आमच्या पेठेत अशी किती पोरं वस्तादांच्या हाताखाली माणसांत आली, मोजदाद नाही.

पारिजात
अबोलीताई, लेकीची जखम भरतेय ना? रात्री दचकते का, शाळेत जायला का-कू करते का, यावर लक्ष ठेवा. कसबा_बावडा म्हणतात त्यात तथ्य आहे, मार खाणारं मूल नेहमी मागं राहतं. त्यावर पुढं लिहिते.

मी मुलांबरोबर काम करणारी समुपदेशक आहे, इथं कोल्हापुरातच. "राग येतो कुठून" हे मला जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी या प्रश्नाची दिशाच बदलली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो मुलं अगदी तान्ह्या वयापासून मोठी होईपर्यंत पाहिली. मारणं, चावणं, ओरबाडणं, हिसकावणं हे पहिला वाढदिवस व्हायच्या आधीच दिसायला लागतं. दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ते सगळ्यात जास्त असतं आणि नंतर बहुतेक मुलांमध्ये वर्षागणिक कमी होत जातं. हिंसाचारासाठी सगळ्यात बदनाम वय सतरा-अठराचं, पण दिवसाला किती वेळा हात उचलला हे मोजलं तर अडीच वर्षांचं बाळ कुणालाही हरवेल. त्याच्या अंगात ताकद नसते म्हणून आपण हसून सोडून देतो.

म्हणजे मारायला मूल कुठं शिकलं हे शोधण्यात फार अर्थ नाही. हात आवरायला ते कुणाकडून शिकलं, आणि शिकलं नसेल तर का, हे बघायला हवं. बोलता यायला लागतं, थांबता यायला लागतं, "माझी पाळी नंतर" हे अंगवळणी पडतं, आणि कपाळामागचा मेंदूचा जो भाग लगाम घालतो तो हळूहळू पिकत जातो. हे सगळं आपोआप घडत नाही. दिवसातून दहा वेळा कुणीतरी हात धरून, न चिडता, "मारायचं नाही, सांगायचं" असं म्हणत राहावं लागतं. ज्या थोड्या मुलांना हे मिळत नाही, किंवा मिळूनही जास्त वेळ लागतो, ती शाळेत आली तरी तिथंच अडकलेली दिसतात. तुमच्या वर्गातला मुलगा बहुधा त्यांतला.

आता "रक्तातच आहे" बद्दल. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1037 बाळांचा अभ्यास सुरू झाला, तो आजही चालू आहे. ती बाळं आता पन्नाशी ओलांडून गेली. त्या अभ्यासावरून टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये मांडलं की दंगेखोर मुलांच्या दोन वेगळ्या वाटा असतात. एका छोट्या गटाचं वागणं शाळेआधीच बिघडायला लागतं आणि मोठेपणीही सुटत नाही. दुसरा गट बराच मोठा. त्यांचं मिसरूड फुटताना सुरू होतं आणि बहुतेकांचं पुढं निवळतं. पहिल्या गटातल्या मुलांमध्ये लहानपणापासून काही गोष्टी सापडतात. चंचलपणा, लक्ष न टिकणं, बोलण्यात-समजण्यात मागं असणं. पण नुसत्या त्यानं गाडी घसरत नाही. असं अवघड मूल जेव्हा ओढाताणीच्या, मारझोडीच्या, आज एक आणि उद्या दुसरं अशा घरात पडतं, तेव्हा दोन्ही एकमेकांना बिघडवत जातात.

याच मुलांवर 2002 मध्ये जनुकांचा अभ्यास झाला. मेंदूतल्या काही रसायनांचं विघटन करणारं एमएओए नावाचं जनुक काहींमध्ये कमी काम करतं. तेवढ्यावरून कोण हिंसक होणार हे सांगता येईना. पण ज्यांच्यात ते कमी काम करत होतं आणि ज्यांचा लहानपणी छळही झाला होता, त्या मुलग्यांमध्ये मोठेपणीची हिंसा ठळक दिसली. तेव्हा रक्ताचा वाटा असतो हे खरं, पण घर सांभाळून घेत असेल तर तो वाटा बऱ्याचदा दबूनच राहतो.

अबोली
पारिजातताई, मनापासून आभार. जखम भरतेय. त्या मुलाच्या घरचं थोडं माहीत आहे. त्यांच्याच गल्लीत माझी नणंद राहते. वडील गांधीनगरात दुकानात कामाला, यायला रात्र होते. शाळेतून तक्रार गेली की बेदम मारतात. आई एरवी त्याच्या हातात मोबाइल देऊन मोकळी होते, कारण नाही दिला तर तो भांडी फेकतो. आजी लाड करते. मग एकाच घरात मारही आणि लाडही, दोन्ही असताना मुलगा असा का?

पारिजात
दोन्ही असल्यामुळंच. अमेरिकेत ऑरेगॉनमधल्या जेराल्ड पॅटरसन यांनी आयुष्याचा मोठा काळ याच कामात घालवला. त्यांची माणसं घरोघरी जाऊन कोपऱ्यात बसत आणि कुणी काय केलं, त्यावर लगेच दुसऱ्यानं काय केलं, हे सेकंदासेकंदाला टिपून घेत. त्यातून जे दिसलं ते कुठल्याही गल्लीत दिसेल.

आई म्हणते, मोबाइल ठेव. पोरगं ओरडतं. आई आवाज चढवते. पोरगं ताट भिरकावतं. आई दमलेली असते, भाकरी तव्यावर असते, ती म्हणते, घे बाबा, पण गप्प बस. तो लगेच गप्प बसतो. या अर्ध्या मिनिटात दोघंही काहीतरी शिकले. पोरगं शिकलं की नुसतं ओरडून भागलं नाही तर ताट फेकायचं. आई शिकली की दिलं की शांतता मिळते. रात्री वडील येतात, दोन ठेवून देतात, पोरगं तिथल्या तिथं थांबतं. वडीलही शिकले की मारलं की थांबतं. उद्या प्रत्येक जण आज उपयोगी पडलेली तीच गोष्ट करणार, थोडी जास्त जोरात. दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं हे चालतं. मग हे पोरगं शाळेत येतं आणि नळापाशी रांगेत तेच करतं, कारण जोर लावला की समोरचा सोडून देतो हेच त्याला पाठ झालेलं असतं.

या घरात कुणी दुष्ट नसतं, हे मला फार ठासून सांगायचंय. त्या आईला पालकसभेत सगळ्यांसमोर बोलणी बसली तर ती घरी जाऊन काय करेल, याचा विचार करा.

माराबद्दल आणखी एक. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये 75 अभ्यास एकत्र करून, एक लाख साठ हजारांहून जास्त मुलांची माहिती तपासली. मार बसणाऱ्या मुलांत आक्रमकपणा जास्त सापडला. "पोर द्वाड असतं म्हणूनच मार खातं" असं कुणी म्हणेल, आणि तेही काही अंशी खरं आहे. पण मुलांना वर्षानुवर्षं पाहणारे अभ्यास सांगतात की सुरुवातीला सारखीच दंगेखोर असलेल्या मुलांपैकी ज्यांना मार बसत राहिला ती पुढं जास्त बिघडली.

शिरोलीची_ताई
मी शिरोली एमआयडीसीजवळच्या अंगणवाडीत काम करते. बोलता न येणं हे लई मोठं कारण आहे बघा. आमच्याकडं बाहेरच्या राज्यातनं आलेल्या कामगारांची पोरं येतात. घरी एक भाषा, इथं मराठी. पहिल्या महिन्यात अशा पोरानं खेळणं मागितलं तर दुसऱ्याला कळतच नाही, मग ओरबाडतंय. चार शब्द यायला लागले, "मला दे की", "नको", "माझं आहे", की ओरबाडणं निम्म्यावर येतंय, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एका पोराला तर ऐकायलाच कमी येत होतं. सगळे म्हणायचे आगाऊ आहे, बोलावलं तरी वळून बघत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं तेव्हा कान तपासला. अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळेत एकदा ही तपासणी असते. त्या पोराचा कान, डोळा तपासलाय का, आधी विचारा.

खडूफळा
मी प्राथमिक शिक्षक. शिरोलीच्या ताईंचं अगदी बरोबर. वाचता न येणारं पोरगं वर्गात बसून कंटाळतं आणि दंगा करतं, हेही तितकंच खरं. तिसरीत जोडाक्षर अडतंय, चारचौघांत हसं होतं, त्यापेक्षा मारकुटा म्हणून नाव झालेलं बरं, असं या पोरांना वाटतं.

वर्गात काय करता येतं ते सांगतो. एक जुना खेळ आहे, 1969 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चौथीच्या एका वर्गात पहिल्यांदा वापरला गेला. वर्गाचे गट पाडायचे. प्रत्येक गटात शांत आणि दंगेखोर मुलं मिसळून. काय चालणार नाही ते तीन-चार सोप्या वाक्यांत फळ्यावर लिहायचं. नियम मोडला की गटाच्या नावापुढं खूण. ठरलेल्या वेळात ज्यांच्या खुणा मर्यादेच्या आत, ते सगळे गट जिंकले. दोन्ही-तिन्ही गट जिंकू शकतात, हे फार महत्त्वाचं. सुरुवातीला दहा मिनिटंच, मग वेळ वाढवायचा. बक्षीस म्हणजे पाच मिनिटं लवकर मैदानावर, बस्स. 1985 च्या सुमारास बाल्टिमोर शहरात पहिलीच्या वर्गांत हा खेळ पद्धतशीर लावला. ती मुलं वीस वर्षांच्या आसपास पोचली तेव्हा, पहिलीत सगळ्यात आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये व्यसनं आणि समाजविघातक वागणं, न खेळलेल्यांपेक्षा कमी निघालं. पहिलीतल्या बाईंनी फळ्यावर मारलेल्या खुणांचा एवढा लांबचा परिणाम! मी माझ्या वर्गात हा खेळ लावतो. मला भावतं ते असं की द्वाड पोराला शेजारचा पोरगा हळूच म्हणतो, "थांब की लेका, आपला गट जाईल." ते तो ऐकतो. माझं नसतं ऐकलं.

आणि मारामाऱ्या बहुतेक कधी होतात बघा. मधली सुट्टी, रांग, शाळा सुटताना. म्हणजे जिथं मोठं माणूस नसतं तिथं. तुमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मैदानावर किती शिक्षक असतात, हे सभेत नक्की विचारा.

कोर्टकचेरी
कायद्याचं सांगून ठेवतो, कारण अर्जाचा मजकूर वाचून काळजी वाटली. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 16. आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 ची दुरुस्ती पाचवी-आठवीच्या परीक्षेत नापास करण्यापुरती आहे, काढण्याची मनाई तशीच आहे. (अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही, असा 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, ते तपासून घ्या.) कलम 17 खाली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, म्हणजे "शाळेनंच त्याला चांगला चोप द्यावा" ही ग्रुपवरची मागणीही बेकायदा. पोलिसांत जायचं म्हणत असतील तर, सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही, आणि सात ते बारामध्ये त्याला परिणाम समजण्याइतकी जाण होती का हे आधी पाहिलं जातं. पूर्वी भारतीय दंड संहितेत होतं तेच आता न्याय संहितेत आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्या गावानं पोरं शाळेत आणायला एवढी खटपट पाहिली, तिथं पालकांनीच पोरगं शाळेबाहेर घालवायचा अर्ज करावा, हे मला सहन होत नाही.

कसबा_बावडा
कायदा मान्य. पण कायदा माझ्या पोराचं पोट दुखणं थांबवत नाही. काढायचं नाही तर नेमकं करायचं काय, आणि तोवर बाकीची मुलं सुरक्षित कशी राहणार, ते सांगा.

पारिजात
रास्त मागणी आहे. मार खाल्लेल्या मुलापासून सुरुवात करते. अबोलीताईंच्या लेकीला शाळेत एक ठरलेलं मोठं माणूस हवं, ज्याच्याकडं ती कधीही जाऊ शकेल. त्या मुलाची आणि तिची बसायची जागा लांब हवी. मधल्या सुट्टीत काही आठवडे तो मुलगा एका शिक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात हवा. आणि तिच्यावर "माफ कर त्याला, हात मिळव" अशी जबरदस्ती नको. यातलं काहीही करायला पैसा लागत नाही, शाळेनं लेखी मान्य करावं.

त्या मुलासाठी: ट्रेम्ब्ले यांच्या गटानं मॉन्ट्रियलमध्ये गरीब वस्त्यांमधले, बालवाडीत सगळ्यात दंगेखोर ठरलेले मुलगे निवडले. वय सात ते नऊ, दोन वर्षं काम केलं. घरी जाऊन आईवडिलांना शिकवलं: चांगलं वागलेलं तिथल्या तिथं बोलून दाखवायचं, नियम थोडे ठेवायचे पण रोज सारखे ठेवायचे, शिक्षा छोटी आणि मार न देता करायची. शाळेत मुलांना लहान गटात बसवून शिकवलं: खेळात सामील कसं व्हायचं, राग आला की काय करायचं. पंधराव्या वर्षी त्यांच्या चोऱ्यामाऱ्या कमी होत्या. चोविशीपर्यंत शालान्त शिक्षण पूर्ण करणारे जास्त आणि पोलिसांत नोंद असलेले कमी, अशी दिशा दिसली. आठव्या वर्षी उशीर झालेला नसतो.

त्या लहान गटांची रचना बघा. एक-दोन दंगेखोर आणि बाकीचे सगळे समजूतदार. कारण उलटं केलं की उलटंच होतं. 1939 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि समरव्हिल या गावांत बिघडू शकतील अशा मुलांसाठी मोठा प्रकल्प झाला. समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, सगळं प्रेमानं दिलं. जोन मॅककॉर्ड यांनी 30 वर्षांनी त्यांना शोधून काढलं तेव्हा कळलं की मदत न मिळालेल्यांपेक्षा मदत मिळालेले काही बाबतींत जास्त बिघडले होते, आणि सगळ्यात वाईट अवस्था एकापेक्षा जास्त वेळा शिबिराला धाडलेल्यांची होती. टॉम डिशियन यांच्याबरोबर त्यांनी 1999 मध्ये याचा उलगडा केला. द्वाड मुलं एकत्र आली की एकानं द्वाडपणाची बढाई मारायची आणि बाकीच्यांनी हसायचं, हेच शिक्षण होतं.

म्हणून मला त्या अर्जाची भीती वाटते. वर्गानं वाळीत टाकलेलं मूल एकटं राहत नाही, दुसऱ्या वाळीत टाकलेल्यांना जाऊन मिळतं. ग्रुपवर पालक सांगत असतील की "त्याच्याशी बोलू नको, वाढदिवसाला बोलावू नको", तर तेही मारणंच आहे, फक्त हात न लावता. मुलींमध्ये हा प्रकार जास्त डोळ्यात भरतो. निकी क्रिक यांनी 1990 च्या दशकात त्याचा अभ्यास केला: गटातून तोडणं, कुजबुज करणं, "तिच्याशी बोललीस तर माझी मैत्रीण नाहीस." त्याचे घाव टाक्यांनी भरत नाहीत.

अजून एक गोष्ट घरी करून बघण्यासारखी. केनेथ डॉज यांनी दाखवलं की अशा मुलांना धक्का लागला की तो मुद्दामच मारला असं वाटतं. रांगेत कुणाची पिशवी लागली, डब्यातलं वरण सांडलं, तरी त्यांच्या लेखी तो हल्ला असतो. ज्याला घरी खरोखरच अवचित मार बसतो त्याचं असं सावध असणं मी समजू शकते. त्याच्याशी छोट्या गोष्टी रचून बोलायचं: "याचा धक्का लागला. का लागला असेल? आणखी काय कारण असेल?" तीन कारणं काढायला लावायची. आठवड्याभरात फरक पडत नाही. काही महिन्यांत पडतो.

पेठेतला
मग तालमीचं काय चुकलं माझं? सगळ्यांनी टाळलं की.

पारिजात
दादा, टाळलं नाही, नीट लिहायचं होतं. रग जिरते ही कल्पना तपासून झालेली आहे. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये चिडलेल्या माणसांना पंचिंग बॅगवर राग काढायला लावला, ती जास्त आक्रमक झाली. स्वस्थ बसलेली त्यांच्यापेक्षा बरी. नॉर्वेत तर 2005 मध्ये असं आढळलं की मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणं, मारामारीच्या कला यात पडलेल्या मुलग्यांमध्ये खेळाबाहेरचा दांडगावा वाढला. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटलं. माझे आजोबा गंगावेशीत मातीत खेळलेले.

पण दुसरीही बाजू आहे. 1986 मध्ये मायकल ट्रल्सन यांनी गुन्ह्यात सापडलेल्या किशोरांना तायक्वांदो शिकवला. एका गटाला जुन्या पद्धतीनं, म्हणजे गुरूचा मान, ध्यान, संयम, कुठं हात उचलायचा नाही याची शिकवण. दुसऱ्याला नुसती लढत. पहिल्या गटाचा आक्रमकपणा उतरला, दुसऱ्याचा चढला. तेव्हा पोरगं माणसांत येतं ते जोर-बैठकांमुळं नाही. वस्ताद रोज त्याच वेळी तिथं असतो, सगळ्यांना एकच नियम लावतो, तालमीबाहेर हात उचलला तर हौद्यात पाऊल ठेवू देत नाही, आणि आज पोरगं का आलं नाही याची चौकशी करतो. असा वस्ताद असेल तर जरूर घाला. नुसतीच ताकद वाढवणारी आणि टोळी जमवणारी जागा असेल तर आठ वर्षांच्या मुलाला लांब ठेवा.

पेठेतला
हे पटलं. आमचे वस्ताद पोरानं बाहेर भांडण केलं की महिनाभर नुसतं झाडू मारायला लावायचे, कुस्ती बंद. आता खरं सांगतो, सगळीकडं तसं राहिलेलं नाही. आणि शाहू स्टेडियमवर केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) फुटबॉल सामन्याला जाऊन बघा. पेठेचा संघ म्हणजे आमचा जीव, पण लहान लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसून काय शिव्या ऐकतात, बाटल्या फेकलेल्या बघतात. पोरगं बघतंय तेच करणार.

खडूफळा
यावर तर 1961 चा बांडुरा यांचा प्रसिद्ध प्रयोग आहे. मोठं माणूस बाहुल्याला हातोडीनं बडवतंय हे बघितलेल्या बालवाडीच्या मुलांनी तेच, तसंच, त्याच शब्दांसकट करून दाखवलं. पुढच्या मोसमात पोरांना घेऊन बसणाऱ्या बापांसाठी वेगळी, शांत जागा ठेवता येईल का, तालीम मंडळांनीच पुढाकार घेतला तर किती बरं होईल.

अबोली
पालकसभा झाली. मी सही केली नाही आणि का केली नाही ते उभं राहून सांगितलं. काही जण चिडले, ग्रुपवर अजून धुसफुस आहे. पण बाकीच्या बऱ्याच गोष्टी मान्य झाल्या. मधल्या सुट्टीत मैदानावर दोन बाई थांबणार. वर्गशिक्षिकेला फळ्यावरचा खेळ सांगितला, त्यांनी खडूफळा सरांची पोस्ट मागून घेतली. मुलाची आई आली होती, मागं एकटीच बसली होती. मुख्याध्यापकांनी तिला सगळ्यांसमोर न बोलता आत बोलावलं, याचं मला फार बरं वाटलं. त्यांना कुठं पाठवावं हे शाळेलाही नक्की माहीत नाही. पारिजातताई, सांगाल का?

पारिजात
सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं केसपेपर काढून सुरुवात करता येते, खर्च नगण्य. कान, डोळे, झोप, चंचलपणा, वाचनातली अडचण, हे सगळं एकदा तपासून घ्यावं. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आईला आधी फोनवर बोलणं सोपं जाईल. मुलाला घरी गंभीर मारहाण होत असेल तर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. जनावरांना मुद्दाम हाल करून मारणं, आगी लावणं, हत्यार जवळ बाळगणं, दुसऱ्याला लागलं तरी काहीच न वाटणं, यातलं काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडं. वडिलांनाही सोबत न्या. नुसत्या आईला शिकवून अर्धंच काम होतं.

वस्त्रनगरी
उशिरा लिहितोय. आमचा मुलगा चौदाचा, नववीत. लहानपणी अगदी शांत होता. वर्षभरापासून उलट उत्तरं, शाळा बुडवणं, मोठ्या पोरांबरोबर गाडीवरनं फिरणं. परवा एका हाणामारीत नाव आलं. वरचं सगळं वाचून भीती वाटायला लागली. हाही त्या वाईट वाटेवर आहे का?

पारिजात
लहानपणी शांत होता, हीच सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट आहे. मॉफिट यांच्या दुसऱ्या, मोठ्या गटात तो बसतो. या वयात अंगानं मोठं झालेलं असतं पण हातात मोठ्यांचं काही नसतं, ना पैसा ना अधिकार. गाडीवर फिरणारी मोठी पोरं त्याला मोठी वाटतात म्हणून तो त्यांची नक्कल करतो. बहुतेक मुलं यातून बाहेर येतात. येताना काही अडकतात, ती एखाद्या खुणेमुळं: पोलिसांतली नोंद, सुटलेली शाळा, व्यसन, गाडीचा अपघात. तुमचं काम तेवढ्या खुणा होऊ न देणं. गाडीची चावी त्याच्या हाती लागू देऊ नका, सोळाच्या आत कुठलाच परवाना मिळत नाही. शाळा काही झालं तरी सोडू देऊ नका. तो कुठं आहे, कुणाबरोबर आहे, कधी येणार, हे रोज विचारा, उलटतपासणी न करता. त्या मोठ्या पोरांतल्या एकाला जेवायला घरी बोलावलंत तरी चालेल, तुम्हाला ती कोण आहेत ते कळेल आणि त्यांना तुम्ही. आणि त्याला मोठ्यांचं एखादं खरं काम द्या. तुमचे माग असतील तर हिशेबाची वही, नसतील तर बँकेत जाऊन भरणा करून येणं. हाणामारीत नेमकं काय झालं ते त्याच्या तोंडून शांतपणे ऐकलंत का? नसेल तर आज रात्री ऐका, आणि उद्या इथं लिहा.

वस्त्रनगरी
माग आहेत चार. सुताच्या हिशेबाला बसवतो त्याला. आज बोलतो.